लॅपटॉपमधला सॉफ्टवेअर मोडेम लिनक्सवर चालू करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना लॅपटॉप, त्यात बसवलेला फोनलाइनचा मोडेम आणि वर लिनक्स, या तिघांचं जमवताना जे प्रश्न सारखे सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. कमांडची आणि फाइलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत, टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत टाइप करा, फक्त एटीने सुरू होणाऱ्या मोडेमच्या कमांड मोठ्या अक्षरांत. टीटीवाय या शब्दाला चिकटून जी अक्षरं येतात, म्हणजे एसएल, एसएम, एसीएम, तीही मोठीच.

विंडोजवर व्यवस्थित चालणारा मोडेम लिनक्सला दिसतच नाही. बिघडलाय का?

नाही, बहुतेक वेळा मोडेम ठणठणीत असतो. मुद्दा असा की तो पूर्ण मोडेमच नाहीये. खऱ्या मोडेममध्ये तीन कामं असतात: फोनलाइनला सुरक्षितपणे जोडणं आणि आवाजाचे आकडे करणं, त्या आकड्यांतून डेटा काढणं म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग, आणि तिसरं म्हणजे एटी कमांड समजून घेणं, चुका दुरुस्त करणं, डेटा दाबणं. बाहेरून सिरियल पोर्टला लावायच्या जुन्या मोडेममध्ये ही तिन्ही कामं त्या डब्यातच व्हायची, म्हणून त्याला ड्रायव्हर असा लागायचाच नाही, कुठलीही सिस्टम त्याच्याशी सरळ बोलायची. लॅपटॉपमध्ये जागा कमी, बॅटरी कमी, किंमतही कमी ठेवायची, म्हणून पहिलं काम तेवढं चिपवर ठेवलं आणि बाकीची दोन्ही लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ढकलली. ते सॉफ्टवेअर कंपन्यांनी विंडोजसाठी लिहिलं, म्हणून नाव पडलं विनमोडेम. लिनक्सवर तेच सॉफ्टवेअर दुसरीकडून मिळवायचं, एवढीच सगळी गोष्ट आहे.

मधला एक प्रकारही आहे, ज्यात सिग्नल प्रोसेसिंग चिपवरच होतं आणि फक्त कंट्रोलरचं, म्हणजे वरचं तिसरं, काम सॉफ्टवेअरकडे असतं. ल्युसंटचे, नंतर एजीअर नावाने आलेले बरेच जुने मोडेम असे होते. यांना प्रोसेसरवर भार कमी पडतो, असा मिळाला तर नशीब समजा.

सेटसिरियल कमांड वापरून मोडेमचा पोर्ट आणि आयआरक्यू (इंटरप्ट क्रमांक) दिला तर चालेल का? जुन्या लेखांत तसं लिहिलंय.

नाही. ते खऱ्या सिरियल चिपच्या मोडेमसाठी होतं. इथे सिरियल पोर्टच नाहीये, तो ड्रायव्हर तयार करणार आहे. यात वेळ घालवू नका.

माझा मोडेम नक्की कोणता, हे कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि लोक नेमका हाच घाईत उरकतात. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय चालवा, सोबत डॅश एनएन लावा म्हणजे नावाबरोबर क्रमांकही दिसतात. मोडेम असं लिहिलेली ओळ मिळेल, समजा त्यात इंटेल ८२८०१डीबी एसी'९७ मोडेम कंट्रोलर आणि ८०८६:२४सी६ असं आहे. आता इथेच घोडं पेंड खातं, कारण लोकांना वाटतं आपला मोडेम इंटेलचा आहे आणि ते इंटेलचा मोडेम ड्रायव्हर शोधत बसतात. ती ओळ सांगते फक्त मदरबोर्डवरच्या कंट्रोलरबद्दल. फोनलाइनशी बोलणारी चिप, म्हणजे कोडेक, ही वेगळ्या छोट्या कार्डावर असते, त्या कार्डाला एमडीसी म्हणतात, आणि त्याच इंटेल कंट्रोलरच्या मागे कोनेक्संटचा, एजीअरचा, मोटोरोलाचा किंवा सिलिकॉन लॅबचा कोडेक असू शकतो. ड्रायव्हर ठरतो तो कोडेकवरून.

मी स्वतः यात एक अख्खा आठवडा घालवलाय. पीसीआय क्रमांक जुळतोय म्हणून एक ड्रायव्हर चार वेळा कंपाइल केला, दर वेळी मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) घातलेला ड्रायव्हर, लोड व्हायचं, एकही एरर नाही, पण मोडेम काही उत्तर देईना. शेवटी झाकण उघडून कार्डावरची चिप वाचली तेव्हा कळलं की ती दुसऱ्याच घराण्यातली आहे. तेव्हापासून मी कोडेक कळल्याशिवाय काहीही डाउनलोड करत नाही.

कोडेक बघायला झाकण उघडायची गरज नसते. एसी'९७ वाला मोडेम असेल (एलएसपीसीआयच्या ओळीत तसं लिहिलेलं असतं) तर आधी मॉडप्रोब कमांडने एसएनडी-इंटेल८एक्स०एम हे मॉड्यूल लोड करा (व्हियाच्या चिपसेटला एसएनडी-व्हिया८२एक्सएक्स-मोडेम, एटीआयला एसएनडी-एटीआयआयएक्सपी-मोडेम), मग प्रॉक फोल्डरमधल्या एसाउंडमध्ये मोडेमच्या कार्डाचं फोल्डर उघडून कोडेक९७ च्या आत एमसी९७ ने सुरू होणारी फाइल कॅट कमांडने वाचा, पहिल्याच ओळीत कोडेकची ओळख असते. लिनमोडेम्स प्रकल्पाची स्कॅनमोडेम ही स्क्रिप्ट (टाइप करताना यातल्या मोडेमचा एम मोठा) हेच सगळं आपोआप करते आणि मोडेमडेटा नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये कोणता ड्रायव्हर वापरायचा तेही सुचवते. ती फाइल शेवटपर्यंत वाचा, कंटाळा करू नका.

एलएसपीसीआयमध्ये मोडेमची ओळच नाही, पण लॅपटॉपला फोनचं भोक तर आहे!

मग तो हाय डेफिनिशन ऑडिओवाला असण्याची शक्यता जास्त. साधारण २००५ नंतरच्या लॅपटॉपमध्ये मोडेम साउंडच्याच बसवर बसलेला असतो आणि पीसीआय यादीत वेगळा दिसत नाही. प्रॉक, एसाउंड, कार्ड० मध्ये कोडेक#० , कोडेक#१ अशा फाइल असतात, त्यातल्या एकीत मोडेम फंक्शन ग्रुप असं लिहिलेलं सापडेल आणि तिथेच व्हेंडर आयडी असतो. त्याचे पहिले चार अंक बघा: १४एफ१ म्हणजे कोनेक्संट, ११सी१ म्हणजे एजीअर, १०५७ म्हणजे मोटोरोला, १६३सी म्हणजे स्मार्टलिंक. मात्र शेवटचे चारही वाचा, कारण ११सी१ नंतर १०४० असेल तर ती एजीअरची स्वतःची चिप आणि ३०५५ असेल तर आतमध्ये सिलिकॉन लॅबची, आणि दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

आणि हो, ते भोक खरंच फोनचं आहे ना हेही एकदा बघा. फोनची आरजे-११ पिन नेटवर्कच्या आरजे-४५ भोकात आरामात शिरते, आणि फोनलाइनवर रिंग वाजते तेव्हा व्होल्टेज बरंच जास्त असतं, ते नेटवर्क पोर्टात जायला नको.

कुठल्या चिपला कोणता ड्रायव्हर?

सिलिकॉन लॅबचा कोडेक असेल, म्हणजे एसआय३०३६, एसआय३०५४ वगैरे, तर स्मार्टलिंकचा एसएलमोडेमडी. सगळ्यात सोपा रस्ता हाच, कारण हार्डवेअरचा भाग कर्नलमधला अल्सा, म्हणजे लिनक्सची साउंडची व्यवस्था, सांभाळतो आणि मोडेमचं डोकं एका साध्या प्रोग्रॅममध्ये असतं. कोनेक्संट असेल तर लिनक्संटचे ड्रायव्हर: सॉफ्टमोडेमला एचएसएफमोडेम, कंट्रोलर नसलेल्याला एचसीएफपीसीआयमोडेम. एजीअरचा जुना, सिग्नल प्रोसेसिंग (डीएसपी) चिपवर असलेला मोडेम असेल तर आधी एलटीमोडेम होता, नंतर मार्शियन आला, तो टीटीवायएसएम० असं डिव्हाइस बनवतो. एजीअरचे सॉफ्टमोडेम असतील तर एजीआरएसएम. पीसीटेलचे ड्रायव्हर फार जुन्या कर्नलपुरते राहिले. काही जुन्या आयबीएम थिंकपॅडमध्ये, उदाहरणार्थ ६०० आणि ७७० मालिकेत, एमवेव्ह होता, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला.

या जवळपास सगळ्यांत एक बंद भाग असतो. सिग्नल प्रोसेसिंगचा कोड कंपन्यांनी उघडा केला नाही, आधीच कंपाइल केलेली ऑब्जेक्ट फाइल दिली आणि तिच्याभोवती थोडा उघडा कोड. मला हे मनापासून खटकतं, कारण कंपनीने हात काढून घेतला की चांगलं हार्डवेअर हकनाक निकामी होतं, आणि नेमकं तसंच झालं.

एसएलमोडेमडी कसा चालू करायचा? एकेक पायरी सांगा.

या लॅपटॉपला इंटरनेट नाहीये म्हणून तर मोडेम हवाय, तेव्हा लागणाऱ्या सगळ्या गोष्टी दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने आणा: एसएलमोडेमचा सोर्स, २.९.११ ही आवृत्ती, कंपायलर, मेक, अल्साच्या डेव्हलपमेंट फाइल्स, डब्ल्यूव्हीडायल (नंबर फिरवून जोडणी करणारा प्रोग्रॅम), पीपीपी (फोनलाइनवरून इंटरनेट चालवणारा प्रोग्रॅम). डेबियनसारख्या डिस्ट्रोत एसएल-मोडेम-डीमन नावाचं पॅकेज नॉन-फ्री विभागात होतं, ते बसलं तर कंपाइल करायचा त्रासच नाही.

कंपाइल करताना मेकला सपोर्ट_अल्सा=१ हे सांगावंच लागतं (हे नावही मोठ्या अक्षरांत), नाहीतर प्रोग्रॅम बनतो पण अल्सा ओळखत नाही आणि मग लोक विचारत बसतात की डॅश डॅश अल्सा चालत का नाही. मग रूट (ॲडमिन) होऊन एसएलमोडेमडी चालवा, डॅश डॅश कंट्रीमध्ये तुमचा देश, डॅश डॅश अल्सा, आणि शेवटी डिव्हाइसचं नाव. एसी'९७ ला बहुतेक वेळा मोडेम:१ किंवा एचडब्ल्यू:१ लागतं, हाय डेफिनिशनला एचडब्ल्यू:०,६, कारण तिथे मोडेमला सहावा क्रमांक ठरलेला आहे. देशांची यादी डॅश डॅश कंट्रीलिस्टने मिळते, देश बरोबर द्या कारण डायल टोन ओळखणं आणि लाइनचं इलेक्ट्रिकल वागणं त्यावर ठरतं.

सगळं नीट असेल तर तो सांगतो की डेव्हमध्ये टीटीवायएसएल० नावाची लिंक तयार झालीये. ती खिडकी बंद करू नका! तो प्रोग्रॅम म्हणजेच तुमचा मोडेम, खिडकी बंद केली की मोडेम गेला. दुसऱ्या टर्मिनलमध्ये मिनिकॉम (मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्रॅम) उघडा, टीटीवायएसएल० द्या, एटी टाइप करून एंटर मारा. ओके आलं की अर्धी लढाई जिंकली.

डिव्हाइस उघडता येत नाही असा एरर येतोय.

एक तर डिव्हाइसचं नाव चुकलंय, प्रॉक एसाउंडमधली पीसीएम फाइल वाचून मोडेम कितव्या कार्डावर आहे बघा. किंवा दोन ड्रायव्हर एकाच चिपसाठी भांडतायत. स्मार्टलिंकचं स्वतःचं एसएलएएमआर मॉड्यूल आणि अल्साचं इंटेल८एक्स०एम एकत्र नांदत नाहीत, एचएसएफमोडेमचंही तसंच. एक ठरवा आणि दुसऱ्याला मॉडप्रोब.डी मध्ये ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते लोडच होणार नाही.

६४-बिट लिनक्स असेल तर?

बंद भाग ३२-बिट आहे, आणि सगळं दुखणं तिथे आहे. एसएलमोडेमडी अल्साबरोबर वापरत असाल तर तो साधा प्रोग्रॅम असल्यामुळे ३२-बिट लायब्ररी टाकून ६४-बिट कर्नलवर चालवता येतो. पण एसएलएएमआरसारखं ३२-बिट मॉड्यूल ६४-बिट कर्नलमध्ये घुसणार नाही ते नाहीच. अशा लॅपटॉपवर मी सरळ ३२-बिट डिस्ट्रो टाकतो, एवढ्या जुन्या मशीनमध्ये मेमरी कमीच असते, तसंही काही गमावत नाही.

कोनेक्संटचा ड्रायव्हर बसला पण स्पीड १४.४ च्या वर जातच नाही.

तुमची लाइन खराब नाही. लिनक्संटची फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडवलेली आहे आणि तिच्यात फॅक्सही नाही, पूर्ण वेगासाठी लायसन्स विकत घ्यावं लागायचं. मोडेम चालतोय की नाही हे तपासायला ती आवृत्ती पुरते.

डब्ल्यूव्हीडायलची सेटिंग आपोआप करणाऱ्या डब्ल्यूव्हीडायलकॉन्फला मोडेम सापडत नाही.

काही वेळा असं होतं. ईटीसीमधली डब्ल्यूव्हीडायल.कॉन्फ फाइल हाताने लिहा: मोडेमच्या जागी पूर्ण पाथ, फोन नंबर, यूजरनेम, पासवर्ड, आणि कॅरिअर चेक = नो ही ओळ, जी फार महत्त्वाची आहे, कारण टीटीवायएसएल० हे खरं सिरियल पोर्ट नसून आतून आभासी टर्मिनल आहे, ते कॅरिअरचा, म्हणजे जोडणी चालू असल्याचा, सिग्नल दाखवत नाही आणि डब्ल्यूव्हीडायल जोडणी झालेली असतानाही ती तुटलीय समजून फोन ठेवून देतो. लॉगिनच्या प्रश्नांवर अडकत असेल तर स्टुपिड मोड = यस, म्हणजे तो जोडणी होताच सरळ पीपीपी सुरू करतो.

नो डायलटोन येतं, पण फोन लावला तर टोन ऐकू येतो.

लाइनवर व्हॉइसमेलचा निरोप पडलेला असला की काही ठिकाणी टोन तुटक येतो, काही एक्स्चेंजचा टोनच निराळा असतो, किंवा देशाचं सेटिंग चुकलेलं असतं. डब्ल्यूव्हीडायलच्या इनिट ओळींमध्ये एटीएक्स३ घाला, म्हणजे मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो, एंगेज मात्र ओळखतो. बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्या, एक स्वल्पविराम म्हणजे साधारण २ सेकंद थांबणं.

तरीही नो डायलटोनच येत असेल तर समांतर जोडलेला फोन उचलून ऐका. एटीडीटी दिल्यावर टिक असा आवाज येऊन टोन तुटत नसेल तर मोडेम लाइन उचलतच नाहीये, म्हणजे ड्रायव्हर चुकीच्या कोडेकशी बोलतोय. पुन्हा ओळख पटवण्यापासून सुरुवात.

किरकिर ऐकू येते, मग नो कॅरिअर.

दोन्ही मोडेमचं बोलणं सुरू झालं पण एकमत झालं नाही. लाइन स्वच्छ करा: एक्स्टेन्शन काढा, लांब वायर काढा, त्याच लाइनवर डीएसएल असेल तर फिल्टर लावा. मग वेग मुद्दाम कमी करून बघा, एटी+एमएस कमांडने व्ही.३४ किंवा त्याखालचं स्टँडर्ड ठरवता येतं. ३३.६ वर टिकणारी लाइन ५२ वर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या लाइनपेक्षा हजार पटीने बरी.

लाइन इंटरनेटवरून येणारी असेल, म्हणजे व्हीओआयपी, तर बोलणं छान ऐकू येऊनही मोडेम अडखळतो. आवाज दाबणारा कोडेक (इथे आवाज साठवायची पद्धत, मोडेमची चिप नव्हे) तिथे असेल तर मोडेमचा सिग्नल वाचतच नाही, जी.७११ या कोडेकवर कमी वेगात कधीकधी जमतं. आणि ऑफिसच्या डिजिटल पीबीएक्सच्या (अंतर्गत फोन एक्स्चेंजच्या) लाइनला लॅपटॉप कधीच लावू नका, तिथे जास्त करंट असू शकतो, मोडेम जळतो. मेघगर्जना सुरू झाली की वायर काढून ठेवा, फोनलाइनवरून आलेल्या लाटेने एमडीसी कार्डं मेलेली मी पाहिलीयेत.

जोडणी झाली, आयपी ॲड्रेसही मिळाला, पण एकही पान उघडत नाही.

आयपी ॲड्रेसला पिंग करून बघा. ते चाललं पण नावाने चालत नसेल तर डीएनएसचा प्रश्न, पीपीपीच्या ऑप्शन्समध्ये यूजपीअरडीएनएस घाला. आयपीलाही पिंग होत नसेल तर डिफॉल्ट राउट बघा: नेटवर्क केबल किंवा वायफायने आधीच राउट घेतलेला असेल तर पीपीपीडी तो बदलत नाही, लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो. वायफाय बंद करून पुन्हा डायल करा.

५६के म्हणतात, मग ४४ च का मिळतंय?

५६ हा फक्त उतरवण्याचा वरचा आकडा आहे आणि तो गाठायला समोरचं टोक पूर्ण डिजिटल आणि मध्ये एकदाच ॲनालॉग बदल असावा लागतो. १९९८ च्या व्ही.९० या स्टँडर्डमध्ये चढवण्याचा वेग ३३.६ पर्यंतच, २००० च्या व्ही.९२ मध्ये तो ४८ पर्यंत नेला. ४४ म्हणजे चांगलीच लाइन आहे. त्यावर सेकंदाला साधारण ५ केबी मिळतात, म्हणजे १ एमबीला साडेतीन मिनिटं आणि ३०० एमबीच्या अपडेटला जवळपास १७ तास, तेव्हा डायल करण्याआधी आपोआप होणारी सगळी अपडेट बंद करा.

मोठं काम चालू केलं की लाइन तुटते.

कारण मोडेम प्रोसेसरवरच चालतोय. आवाजाचे नमुने सेकंदाला हजारोंनी येत राहतात, तो प्रवाह थोडा जरी थांबला तरी समोरच्या मोडेमला वाटतं लाइन गेली. एसएलमोडेमडी रूट म्हणूनच चालवा, तेव्हाच त्याला रिअल टाइम प्रायॉरिटी मिळते. जोडणी चालू असताना कंपाइल नको, स्वॅपमध्ये जाईल इतके टॅब नकोत. झोपवून उठवलेल्या लॅपटॉपवर एसएलमोडेमडी बंद करून पुन्हा चालू करा.

कर्नल अपडेट केला आणि मोडेम गायब.

बाहेरून कंपाइल केलेलं मॉड्यूल त्याच कर्नलपुरतं असतं. नव्या कर्नलच्या हेडर फाइल्स आणून पुन्हा कंपाइल करावं लागतं, आणि जुना सोर्स नव्या कर्नलवर कंपाइल होईलच असं नाही. चालणारा जुना कर्नल कधीही पुसू नका. अल्सा आणि एसएलमोडेमडीच्या जोडीला हा त्रास नाही, कारण कर्नलचा भाग कर्नलबरोबरच येतो.

फॅक्स पाठवता येईल?

एसएलमोडेमडीत क्लास १ फॅक्स आहे, ईफॅक्सबरोबर जमतं. एक पान पाठवून बघा मग महत्त्वाचं पाठवा.

सगळं करून झालं, काहीच चालेना. दुसरा मोडेम घ्यायचा तर कोणता?

कंट्रोलर आतच असलेला. सिरियल पोर्टचा बाहेरचा मोडेम कुठलाही चालतो, लॅपटॉपला सिरियल नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर लावा. सरळ यूएसबी घ्यायचा असेल तर यूएसरोबॉटिक्स ५६३७ सारखा, जो सीडीसी-एसीएम ड्रायव्हरने टीटीवायएसीएम० म्हणून लगेच दिसतो. यूएसबीतही सॉफ्टमोडेम असतात, म्हणून खोक्यावर फक्त विंडोज लिहिलेलं असेल तर घेऊ नका. मोडेममॅनेजर मधेमधे पोर्ट चाचपत असेल तर त्याची सर्व्हिस बंद करा.

मदत मागताना काय काय द्यायचं?

स्कॅनमोडेमची मोडेमडेटा फाइल पूर्ण, तोडून नाही. यूनेम डॅश ए चं उत्तर, एसएलमोडेमडीने छापलेल्या सगळ्या ओळी, डब्ल्यूव्हीडायलचा लॉग, त्यातला पासवर्ड आणि फोन नंबर पुसून. आणि समांतर फोनवर काय ऐकू आलं तेही लिहा: टोन तुटला का, नंबर फिरला का, समोरून शीळ आली का.